ऑनलाइन एमबीए कुठून करू? आणि करू का?

एका वाचक मैत्रिणीचं मोठं पत्र आलं आहे. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून प्रश्न थोडक्यात देते.

त्यांचं वय ३३, शिक्षण बी.कॉम., ५४ टक्के. वाळूज एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत दहा वर्षं नोकरी, आधी स्टोअर्समध्ये आणि आता खरेदी विभागात. हातात येतात ३४ हजार. नवऱ्याची खासगी नोकरी, मुलगी दुसरीत, घरी सासूबाई. यंदा त्यांच्या विभागात असिस्टंट मॅनेजरची जागा निघाली, ती पुण्याच्या प्लांटमधून आलेल्या एका सहकाऱ्याला मिळाली. साहेब म्हणाले, "तुझं एमबीए असतं तर मी तुझंच नाव पुढे केलं असतं." त्याच रात्री त्यांनी मोबाइलवर ऑनलाइन एमबीए शोधलं, एका संकेतस्थळावर नंबर टाकला आणि तेव्हापासून फोन थांबलेले नाहीत. एका खासगी विद्यापीठाची फी एकरकमी भरली तर १,६०,००० रुपये, नाहीतर 'नो कॉस्ट ईएमआय'वर दरमहा ७,५०० चे २४ हप्ते. आज रात्री बारापर्यंत नाव नोंदवलं तर 'स्कॉलरशिप'. दीर म्हणतात, युरोपातल्या एका संस्थेचं एमबीए वर्षभरात ९० हजारांत होतं. मैत्रीण म्हणते इग्नूतून, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठातून, कर. ऑफिसातलं कुणी म्हणतं इग्नूला कोण विचारतं? सासूबाई म्हणतात, आता शिकून काय करणार? शेवटी त्या लिहितात: "परवडेल असं आणि नाव असलेलं ऑनलाइन एमबीए कोणतं, एकच नाव सांगा. माझ्या नावावरची दोन लाखांची एफडी मोडायची माझी तयारी आहे."

नमस्कार ताई,

नाव सांगते. पण त्याआधी एक विनंती. आज रात्री बारापर्यंत काहीही भरू नका, आणि उद्याही नको. ऑनलाइन आणि दूरस्थ अभ्यासक्रमांचे प्रवेश वर्षातून दोनदा होतात, जुलै-ऑगस्टच्या सत्राला आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या सत्राला. एक हुकलं तर दुसरं सहा महिन्यांत येतं. दहा वर्षं थांबलात, त्यात आणखी सहा महिन्यांनी काही बिघडत नाही. घाईत भरलेले पैसे मात्र परत मिळवताना नाकी नऊ येतात.

तुम्हाला फोन करणारी मुलगी वाईट आहे असं मी म्हणत नाही. तिलाही महिन्याचं टार्गेट असतं आणि तिची नोकरी त्यावर असते. पण ती स्वतःला समुपदेशक म्हणवत असली तरी तिचं काम विक्रीचं आहे. वेगवेगळ्या विद्यापीठांची तुलना करून देणारी जी संकेतस्थळं आहेत, त्यांतल्या बऱ्याच जणांना प्रत्येक प्रवेशामागे विद्यापीठाकडून पैसे मिळतात. त्यामुळे त्यांच्या यादीत इग्नू किंवा नाशिकचं मुक्त विद्यापीठ सहसा वर दिसत नाही. तिथून कमिशन मिळत नाही, एवढंच त्याचं कारण.

आता साहेबांच्या वाक्याबद्दल. मी उमेदीची वर्षं कारखान्यांच्या मनुष्यबळ विभागात काढली आहेत आणि 'तुझं एमबीए असतं तर' हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे. कधी ते अगदी खरं असतं. काही कंपन्यांत ठरावीक ग्रेडच्या वर जायला पदव्युत्तर पदवी लागते असं धोरणात लिहिलेलं असतं, आणि तिथे साहेबाने कितीही मनावर घेतलं तरी फाइल पुढे सरकत नाही. पण पुष्कळदा ते वाक्य समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून बोललेलं असतं. खरं कारण सांगणं अवघड असतं, पदवीचं कारण सोपं असतं आणि त्यावर कुणी वाद घालत नाही.

तुमच्या पत्रात मध्येच एक ओळ आहे, ती मी दोनदा वाचली. तुम्ही लिहिलंय, "तसं त्याला सॅप (कंपनीच्या कामकाजाचं सॉफ्टवेअर) चांगलं येतं आणि पुण्याला सप्लायरशी दर ठरवायला तोच बसायचा, हे मान्य आहे." ताई, ही ओळ तुम्ही जाता जाता लिहिलीत, पण मला त्यातच खरी गोष्ट दिसते. खरेदी विभागात असिस्टंट मॅनेजरकडून अपेक्षा काय असते? पुरवठादारासमोर बसून भाव पाडून घेणं, कच्च्या मालाचा दर वाढला की किती वाढ मान्य करायची ते हिशेबाने सांगणं, एका पुरवठादाराने दगा दिला तर दुसरा तयार ठेवणं. तुम्ही दहा वर्षांत पीओ (खरेदीच्या ऑर्डरी) काढणं, फॉलोअप करणं, जीआरएन (माल आल्याच्या पावत्या) आणि बिलं जुळवणं हे सगळं सांभाळलंत. हे काम तुमच्यावाचून अडतं, हेही खरं. पण वाटाघाटीच्या टेबलावर तुम्हाला कुणी बसवलेलं नाही. ती उणीव एमबीएने आपोआप भरून निघत नाही. उद्या पदवी हातात आली आणि तुम्ही तेच पीओ काढत राहिलात, तर पुढच्या वेळी दुसरं कारण पुढे येईल.

म्हणून पहिलं काम पैशाचं नाही, विचारण्याचं आहे. साहेब चिडलेले नसतील अशा दिवशी वेळ मागा आणि एवढंच विचारा: "सर, असिस्टंट मॅनेजरच्या ग्रेडला एमबीए लागतं असं आपल्या पॉलिसीत लिहिलेलं आहे का? आणि ऑनलाइन किंवा दूरस्थ एमबीए चालतं का?" हाच प्रश्न एचआरला ईमेलवर विचारा, म्हणजे उत्तर लेखी मिळेल. त्याच ईमेलमध्ये कंपनी शिक्षणाच्या खर्चाला हातभार लावते का, हेही विचारा. मोठ्या कंपन्यांत अशी तरतूद असते आणि ती कुणी मागत नाही म्हणून तशीच पडून राहते. कंपनीने पैसे दिले तर काही वर्षं नोकरी सोडता येणार नाही असा करार करून घेतात, तो सही करण्याआधी नीट वाचा. बिडकीन-शेंद्र्याला ऑरिक या औद्योगिक नगरीत मोठे वाहन प्रकल्प जाहीर झाले आहेत, चांगली संधी आली तर तुम्हाला अडकून पडायला नको.

आणखी एक गोष्ट साहेबांनाच सांगा: पुढच्या सहा महिन्यांत दोन-तीन पुरवठादारांच्या वाटाघाटींना मला बरोबर बसवा. याला फी लागत नाही. साहेब खरंच तुमचं नाव पुढे करणार असतील तर याला नाही म्हणायचं त्यांना काही कारण नाही. आणि त्यांनी टाळाटाळ केली, तर अडचण पदवीची नव्हती हे तुम्हाला १,६०,००० रुपये न घालवता कळेल.

समजा, एचआरचं उत्तर आलं की हो, पदव्युत्तर पदवी लागते आणि ऑनलाइन किंवा दूरस्थ चालते. मग खरा शोध सुरू होतो. इथे मला तुमचा 'नाव असलेलं' हा शब्दप्रयोग जरा थांबून बघायचा आहे, कारण त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. एक म्हणजे पदवी कायद्याने मान्य आहे का. दुसरी म्हणजे ते नाव ऐकून समोरच्याचं मत बदलतं का. पहिल्या बाबतीत तडजोड करायचीच नाही. दुसऱ्या बाबतीत तुम्ही समजता तेवढा फरक तुमच्या परिस्थितीत पडत नाही.

मान्यता बघायची जागा एकच आहे: यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) डिस्टन्स एज्युकेशन ब्यूरोचं, म्हणजे डीईबीचं संकेतस्थळ. कुठल्या विद्यापीठाला कुठल्या सत्रासाठी, कुठला अभ्यासक्रम, ऑनलाइन की दूरस्थ पद्धतीने चालवायची परवानगी आहे, याची यादी तिथे असते. ती सत्रानुसार बघायची. 'आमचं विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे' हे उत्तर पुरेसं नाही, कारण विद्यापीठ मान्य असूनही त्याच्या ऑनलाइन एमबीएला त्या सत्राची परवानगी नसू शकते. चांगल्या, जुन्या संस्थांनाही यूजीसीने काही सत्रांपुरते प्रवेश बंद करायला लावलेले आहेत. त्यामुळे गेल्या वर्षी शेजारणीने प्रवेश घेतला होता म्हणून यंदाही चालेल असं धरून चालू नका. अभिमत विद्यापीठ असेल तर एमबीएला एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेची, मान्यता आहे ना, तेही बघा.

या यादीतल्या विद्यापीठाची ऑनलाइन किंवा दूरस्थ पदवी नेहमीच्या वर्गात बसून घेतलेल्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते. यूजीसीने २ सप्टेंबर २०२२ ला तशी सूचना काढली आहे. कुणी ऑफिसात नाक मुरडलं तर ही तारीख सांगा.

२०२४ पासून आणखी एक पायरी आली आहे. प्रवेश घेण्याआधी विद्यार्थ्याने डीईबीच्या पोर्टलवर स्वतःचा डीईबी-आयडी काढायचा असतो, आणि त्यासाठी आधी एबीसी-आयडी, म्हणजे अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा क्रमांक लागतो. हे दोन्ही तुम्ही स्वतः, आपल्या मोबाइलवर काढा. 'मॅडम, ओटीपी सांगा, मी करून देते' असं फोनवर कुणी म्हणालं तर नको म्हणा. तुमच्या नावाने कुठे, काय भरलं जातंय यावर तुमचा ताबा हवा.

आणि पैसे विद्यापीठाच्या नावाने जायला हवेत, पावती विद्यापीठाची हवी. विद्यापीठांना आपले ऑनलाइन अभ्यासक्रम फ्रँचायझीने चालवायला द्यायची परवानगी नाही. २०२२ च्या जानेवारीत यूजीसी आणि एआयसीटीई, दोघांनीही याबद्दल जाहीर इशारा दिला होता. मधली कंपनी तांत्रिक मदत करू शकते. प्रवेश, परीक्षा आणि पदवी विद्यापीठाचीच असली पाहिजे.

जाहिरातीत 'नॅक ए प्लस' ठळक लिहिलेलं असतं त्याने दिपून जाऊ नका. नॅक म्हणजे विद्यापीठांचं मूल्यांकन करून श्रेणी देणारी संस्था. ऑनलाइन अभ्यासक्रम चालवायचे तर मुळातच नॅकचे ४ पैकी किमान ३.०१ गुण किंवा एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीत पहिल्या शंभरांत क्रमांक अशी अट यूजीसीच्या २०२० च्या नियमांत आहे. म्हणजे डीईबीच्या यादीतल्या बहुतेकांकडे चांगली श्रेणी असतेच. शिवाय ती श्रेणी पूर्ण विद्यापीठाची असते. ऑनलाइनचे तास कोण घेतं, शंका विचारली तर किती दिवसांनी उत्तर येतं, हे तिच्यातून कळत नाही.

ते कळायचा मार्ग वेगळा आहे. लिंक्डइनवर त्या विद्यापीठाचं ऑनलाइन एमबीए केलेले, तुमच्यासारखंच कारखान्यातल्या खरेदी, स्टोअर्स किंवा उत्पादन विभागात काम करणारे लोक शोधा. तिघा-चौघांना सभ्यपणे मेसेज करा. निकाल वेळेवर लागतात का, पदवीचं प्रमाणपत्र किती महिन्यांनी हातात आलं, रविवारचा तास चुकला तर रेकॉर्डिंग मिळतं का, प्रवेशानंतर फोन उचलतात का. लोक उत्तर देतात. अशा दहा मिनिटांच्या बोलण्यातून जेवढं कळतं तेवढं कुठल्याही माहितीपत्रकातून कळत नाही. संकेतस्थळावर छापलेल्या हसऱ्या चेहऱ्यांच्या प्रतिक्रिया सोडून द्या. 'प्लेसमेंट असिस्टन्स' लिहिलं असेल तर त्याचा अर्थ नेमका काय, ते ईमेलवर विचारा. बहुतेक ठिकाणी नोकऱ्यांच्या एका पोर्टलचं लॉगिन मिळतं, कॅम्पसवर कंपन्या येतात तसं काही नसतं.

दिरांनी सुचवलेलं युरोपातलं वर्षभराचं एमबीए मी सरळ बाजूला ठेवीन. तीन वर्षांच्या बी.कॉम.नंतर आपल्याकडे एमबीए दोन वर्षांचं असतं. परदेशी पदवी इथे चालवायची तर समकक्षतेचा प्रश्न येतो, आणि ऑनलाइन पदवीच्या बाबतीत तो अधिकच कठीण होतो. परदेशी संस्थांशी हातमिळवणी करून इथल्या कंपन्या ज्या पदव्या विकतात त्यांबद्दल यूजीसीने २०२३ च्या डिसेंबरमध्ये स्पष्ट ताकीद दिली आहे. तुमच्या एचआरने ते प्रमाणपत्र बाजूला सारलं तर ९० हजार पाण्यात. दिरांनी आपुलकीनेच सांगितलं असेल, त्यांना तसं समजावून सांगा.

आता पैशाचं. 'नो कॉस्ट ईएमआय' म्हणतात त्याचा हिशेब आपण कागदावर मांडू. ७,५०० गुणिले २४ म्हणजे १,८०,०००. एकरकमी भरले तर १,६०,०००. म्हणजे हप्त्यांवर घेतल्यामुळे तुम्ही २०,००० जास्त देता. तेच तुमचं व्याज, वर्षाला साधारण साडेअकरा टक्क्यांच्या घरातलं. त्यात प्रोसेसिंग फी, परीक्षा फी वेगळी असेल तर तीही मिळवा. ३४ हजारांतले साडेसात हजार म्हणजे पगाराचा पाचवा हिस्सा आणि वर थोडं. मुलीची शाळा, घरभाडं किंवा कर्जाचा हप्ता, किराणा हे सगळं त्याच पगारात बसवायचं.

यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र व्याजाची नाही. हे हप्ते म्हणजे विद्यापीठाची उधारी नसते, एखाद्या फायनान्स कंपनीचं कर्ज असतं. विद्यापीठाला पैसे मिळून जातात आणि तुमचा करार उरतो कर्ज देणाऱ्या कंपनीशी. दुसऱ्या सत्रात घरी कुणी आजारी पडलं, तुम्ही शिक्षण सोडलं, तरी हप्ते थांबत नाहीत, आणि चुकले तर सिबिलवर डाग लागतो. फोनवर हे कुणी सांगत नाही. म्हणून ज्या ठिकाणी सत्रागणिक फी भरता येते तेच निवडा, मग ते कुठलंही असो. एक सत्र करून बघितलं, जमलं नाही, तर नुकसान एका सत्राचं.

एफडी मोडू नका. ती तुमच्या नावावरची, अडीअडचणीची पुंजी आहे. नोकरी करणाऱ्या बाईच्या स्वतःच्या नावावर एवढे पैसे असणं याला मी फार किंमत देते. शिक्षण पगारातून, सत्रागणिक, जमेल तसं होऊ द्या.

तुम्ही विचारलेलं नाव: तुमच्या परिस्थितीत मी आधी इग्नूचं एमबीए बघीन. संसदेच्या कायद्याने १९८५ मध्ये स्थापन झालेलं केंद्रीय विद्यापीठ आहे, नॅकची ए प्लस प्लस श्रेणी मिळालेली आहे, फी सत्रागणिक भरता येते आणि चार सत्रांची मिळून ती साठ-सत्तर हजारांच्या दरम्यान जाते. नेमका आकडा प्रवेशाच्या वेळच्या माहितीपत्रकात बघून घ्या. खुल्या वर्गाला पदवीला ५० टक्के लागतात, तुमचे ५४ आहेत. दोन वर्षांचा अभ्यासक्रम चार वर्षांपर्यंत पूर्ण करता येतो, आणि लहान मूल घरात असताना ही सवलत सोन्यासारखी आहे. ऑपरेशन्स (उत्पादन आणि पुरवठ्याचं व्यवस्थापन) किंवा मार्केटिंग, फायनान्स असा विशेष विषय निवडता येतो. तुम्ही ऑपरेशन्स घ्या. त्याच्याबरोबरीने नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ बघा. राज्याचं आहे, १९८९ पासून चालू आहे, अभ्यास केंद्रं जवळपास आहेत. पुणे आणि मुंबई विद्यापीठांचेही दूरस्थ शिक्षणाचे विभाग आहेत. त्यांचा व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम त्या सत्राच्या डीईबी यादीत आहे का, ते तपासा.

'इग्नूला कोण विचारतं' असं म्हणणाऱ्याला मी एवढंच विचारीन की कोणी, कुठल्या नोकरीसाठी? मुंबईतल्या सल्लागार कंपनीत किंवा गुंतवणूक बँकेत जायचं असेल तर नाही विचारणार. तिथे ऑनलाइन एमबीए घेऊन, खासगी विद्यापीठाचंसुद्धा, सहसा शिरकाव होत नाही. आयआयएमचे नोकरदारांसाठीचे अभ्यासक्रम आहेत, त्यांची फी कित्येक लाखांत असते आणि त्यातही काही फक्त प्रमाणपत्राचे असतात, पदवीचे नाहीत, हे लक्षात ठेवा. पण वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यात खरेदीची जागा भरताना आम्ही रिझ्युमेत आधी बघायचो ते कुठल्या कमोडिटीची खरेदी केली, वर्षाला किती कोटींची, किती पुरवठादार सांभाळले, किती बचत करून दिली. पदवीच्या रकान्यात एमबीए आहे का आणि ते मान्य आहे का, एवढी खूण करून पुढे जायचो. एक लाख जास्त देऊन घेतलेल्या नावाने त्या खुणेचा आकार बदलत नाही.

इग्नूची अडचण वेगळी आहे, आणि ती मला लपवायची नाही. तिथे तुमच्या मागे कुणी लागत नाही. साहित्य मिळतं, असाइनमेंटच्या तारखा असतात, जून आणि डिसेंबरमध्ये सत्रान्त परीक्षा असतात, बाकी सगळं तुमच्यावर. साहित्य इंग्रजीत, शैली पुस्तकी. पुष्कळ लोक उत्साहाने प्रवेश घेतात आणि पहिल्या असाइनमेंटपाशी थांबतात. खासगी विद्यापीठं त्या जास्तीच्या लाखात हेच विकतात: शनिवार-रविवारचे थेट तास, रेकॉर्डिंग, आठवण करून देणारे मेसेज, अडलं तर फोन. काही जणांना याची खरोखर गरज असते आणि त्यांच्यासाठी ते पैसे वाया गेलेले नसतात. तुम्ही कुठल्या प्रकारात मोडता हे मला पत्रावरून सांगता येणार नाही.

पण ते हजारभर रुपयांत तपासता येतं. स्वयम्-एनपीटेल या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर आयआयटींच्या प्राध्यापकांचे सप्लाय चेन, ऑपरेशन्स, अकाउंटिंग असे आठ किंवा बारा आठवड्यांचे कोर्स असतात. शिकणं फुकट, प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेची फी साधारण हजार रुपये, आणि परीक्षा केंद्रावर जाऊन, पर्यवेक्षकासमोर द्यायची. जानेवारीत आणि जुलैमध्ये नवीन सत्र सुरू होतं. एक कोर्स घ्या. दर आठवड्याची असाइनमेंट वेळेत भरली गेली, परीक्षेला बसलात, तर इग्नू तुम्हाला जमेल असं समजा. तिसऱ्या आठवड्यातच धागा सुटला तर दोन गोष्टी शक्य आहेत: एकतर तुम्हाला थेट तासांची शिस्त लागते, नाहीतर घरात अभ्यासाला जागाच उरलेली नाही. दुसरं असेल तर कुठल्याही विद्यापीठाने ते सुटणार नाही.

इथे सासूबाईंकडे येते. 'आता शिकून काय करणार' या प्रश्नाला तुम्ही पत्रात थोडं दुखावून लिहिलंय. त्यांच्या बाजूने बघा जरा. शाळा सुटल्यापासून तुम्ही कंपनीच्या बसमधून उतरेपर्यंत नात त्यांच्याकडे असते. 'शिक्षण' म्हणजे त्यांच्या कानाला ऐकू येतं ते त्यांचं वाढणारं काम. त्यांना एमबीएचे फायदे सांगू नका, तास सांगा. मंगळवार आणि गुरुवार रात्री साडेनऊ ते अकरा, आणि रविवारी सकाळी सात ते दहा. त्या रविवारच्या तीन तासांत मुलीचं आवरणं, नाश्ता आणि तिला खाली खेळायला नेणं हे नवऱ्याचं काम, सासूबाईंचं नाही, हे त्यांच्यासमोरच ठरवा. नवऱ्याची 'माझी काही हरकत नाही' ही परवानगी तुम्ही लिहिली आहे. परवानगीने अभ्यास होत नाही, ताई, रविवारची पोळी-भाजी कुणी तरी करावी लागते.

एक पर्याय तुम्ही विचारला नाहीत, पण तुमच्यासारख्या खरेदी-स्टोअर्समधल्या अनेकांना उपयोगी पडेल. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मटेरिअल्स मॅनेजमेंट ही याच क्षेत्रातल्या लोकांची जुनी संस्था आहे. नोकरी करणाऱ्यांसाठी तिचे पदविका अभ्यासक्रम असतात आणि शाखांच्या बैठकींना आजूबाजूच्या कारखान्यांतले खरेदी अधिकारी येतात. एचआरचं उत्तर 'पदव्युत्तर पदवीची सक्ती नाही' असं आलं, तर मी आधी इकडे वळेन. लेखा विभागात असणाऱ्या वाचकांनी याच न्यायाने सीएमए इंटरचा, म्हणजे कॉस्ट अकाउंटंटच्या मधल्या परीक्षेचा, विचार करावा. ते एमबीएपेक्षा अवघड आहे, पण कारखान्यात त्याला वजन आहे.

एमबीए केलंतच तर शेवटच्या वर्षीचा प्रकल्प कुठून तरी उतरवून देऊ नका. तुमच्याच स्टोअर्समध्ये वर्षभर न हललेला माल किती, त्यात किती पैसा अडकलाय, कुठल्या पुरवठादाराच्या उशिरामुळे तो जास्त साठवावा लागतो, यावर प्रकल्प करा. आकडे बाहेर न्यायची परवानगी आधी घ्या. आणि तो विद्यापीठात जमा करायच्या आधी साहेबांच्या टेबलावर ठेवा, वीस मिनिटं मागून समजावून सांगा. पदवी मिळायला तोवर काही महिने असतील, पण तुम्ही काय करू शकता ते त्यांना त्या दिवशीच दिसेल.

आता एक कंटाळवाणं काम, जे मी तुम्हाला या आठवड्यातच उरकायला सांगणार आहे, निर्णय काहीही होवो. तुमच्या बी.कॉम.च्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव असणार आणि आधारवर सासरचं. एबीसी-आयडी आधारवरून निघतो, डीईबी-आयडी त्यावरून, आणि प्रवेशाच्या वेळी गुणपत्रिका जोडायची असते. नावं जुळली नाहीत की अर्ज अडकतो आणि मग शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री धावपळ होते. विवाह नोंदणी प्रमाणपत्र घरात शोधून ठेवा, नसेल तर महापालिकेत जाऊन नोंदणी करून घ्या. नाव बदलाची राजपत्रातली नोंद लागेल का, ते ज्या विद्यापीठाचा विचार करताय त्याच्या प्रवेश विभागाला ईमेलवर विचारा. आणि पुढे कुठलं नाव लावायचं ते ठरवताना पॅन, बँक आणि पीएफ खात्यावर काय आहे तेही बघा, नाहीतर हाच घोळ दोन वर्षांनी पदवीच्या प्रमाणपत्रावर निघेल.